बिस्किटाला नेलपॉलिश, आणि वर...

"...अगं, ती तिसऱ्या मजल्यावरची केकवाली नाही का, ती बिस्किटांना नेलपॉलिश लावते, आणि वर—"

आणि वर काय? वर काय, ते बोल ना बाई! नाही! लिफ्टचं दार बंद! एरवी हे दार मिटावं म्हणून आपण दोन्ही हातांनी ढकलतो, खांदा लावतो, कुणाचं लक्ष नसेल तर लाथसुद्धा घालतो, तरी मेलं ढिम्म हलत नाही, आणि त्या दिवशी नेमकं 'वर'वर आलं आणि खाडकन मिटलं! आणि लिफ्ट गेली कुठं? वर! मी खाली, हातात भाजीची पिशवी, आणि डोक्यात हे अर्धं वाक्य. तुम्हाला सांगते, अर्ध्या पोटी माणूस झोपू शकतो, अर्ध्या वाक्यावर नाही झोपू शकत.

आता तुम्ही म्हणाल, काकू, जिनं म्हटलं तिलाच विचारायचं होतं की. बोलणारी कोण, तर पहिल्या मजल्यावरची शिवणवाली. फोनवर बोलत होती कुणाशी तरी. पण तिला मी कशी विचारू? आमचं बोलणं बंद आहे! तिनं माझ्या ड्रेसची एक बाही आखूड शिवली, मी दाखवायला गेले, तर टेप गळ्यात, टाचण्या तोंडात, आणि मलाच म्हणते कशी, "काहू, हुमचाच एक हाच लांभ आहे." म्हणजे काकू, तुमचाच एक हात लांब आहे! पंचावन्न वर्षं हे दोन हात घेऊन वावरतेय मी, कुणी काही बोललं नाही! तेव्हापासून मी तिच्या दारावरून जाताना मान वळवते. मग तिला जाऊन "आणि वर काय गं?" असं विचारू? मेले तरी नाही विचारणार.

बरं, मग केकवालीलाच विचारायचं. असं तुम्ही म्हणणार. अहो, वाईट नाही का दिसत? तोंडावर विचारलं की तो संशय होतो, मागे विचारलं की ती काळजी असते. आणि ती पोरगी म्हणजे आमच्या डोक्यावर राहते, अगदी बरोबर वर. तिच्या ओट्यावर लाटणं फिरलं की माझ्या छताला कळतं. मला काकू काकू करते. आणि बिस्कीट म्हटलेलं तिला चालत नाही बरं का. "बिस्कीट नाही काकू, कुकी." मी म्हटलं, बाई गं, मी काकू आणि ती कुकी, उद्या भट्टीत कुणाला घालायचं ते नीट बघून घाल!

पण लिफ्टमधलं ते ऐकल्यावर मी एवढी का दचकले, ते आधी सांगते. कारण ही केकवाली दोन वर्षांपूर्वीपर्यंत काय करत होती, माहितीय? पार्लरमध्ये नखं रंगवत होती! अकरा वर्षं! बायकांच्या एवढ्याएवढ्याशा नखांवर फुलं काय, पक्षी काय, एकीच्या अंगठ्यावर तर तिनं अख्खी बोट काढली होती शिडासकट. मग त्या वासानं तिचं डोकं उठायला लागलं, बोटांची सालं निघायला लागली, डॉक्टर म्हणाले सोडा हे. सोडलं. आणि केक शिकली. म्हणजे बघा, नेलपॉलिश म्हटलं की संशय कुणावर जाणार? फुलवाल्यावर?

म्हणून मी बघायला गेले. साखर मागायला. घरात डबा गळ्यापर्यंत भरलेला होता साखरेचा, पण बघायला गेले असं म्हणून कुणी दार उघडतं का?

दार उघडलं तिनं, पण एवढंसं. "काकू, पटकन आत या आणि हळू श्वास घ्या." मी म्हटलं, म्हणजे काय? तर पंखे बंद, खिडक्या बंद, फ्रिजचं दार उघडायला बंदी, आणि ओट्यावर ताटंच्या ताटं मांडलेली. अंगठ्या! बिस्किटांच्या अंगठ्या हो! मध्ये भोक, वर खडा, साखरेचा गुळगुळीत गिलावा दिलेला. दोनशे सहा नग. आपल्या चौकातले सराफ आहेत ना, त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्याची ऑर्डर. प्रत्येक पाहुण्याला एकेक सोन्याची अंगठी, आणि मध्ये तीन मजली सोनेरी केक. आणि नुसती ऑर्डर नाही! सराफांच्या दुकानाला लागून एक गाळा आहे रिकामा. सराफ म्हणाले होते, "असं आहे बघा, आमच्या आईला काम पसंत पडलं तर गाळा तुमचा." म्हणजे पोरीचं स्वतःचं दुकान! रस्त्यावर काच, काचेवर तिची पाटी! आणि पसंत नाही पडलं तर? मग पार्लरची मालकीण वाट बघतच बसलीय, "ये गं परत, खुर्ची तशीच ठेवलीय तुझी." तेच वास, तीच सालं.

तर केकच्या वरच्या मजल्याला ती वर्ख लावत होती. वर्ख म्हणजे काय, नुसता आहे म्हणायचा. कागदाच्या पानातून चिमट्यानं उचलायचा, ओलसर केकवर अलगद टेकवायचा, आणि मऊ ब्रशनं दाबायचा. बोट लागलं की बोटालाच चिकटतो, बोललं की उडतो. आणि मला कुठली अवदसा आठवली, मला आली शिंक! आली म्हणजे काय, मी थोपवली, नाक धरलं, तोंड दाबलं, डोळे बाहेर आले, आणि मग जी फुटली! तीन पानं उडाली! एक फ्रिजला, एक तिच्या भुवईला, एक कुठं गेलं सापडेचना. घरी गेल्यावर आमचे हे पेपर खाली करून म्हणाले, "नाकाला सोनं कधी मढवलंस?"

पण ती रागावली नाही हो. हसली. आणि सांगायला लागली, हात चालूच. मी आपली स्टुलावर. म्हणाली, काकू, सोनेरी करायचं तर खाली आधी पिवळट तपकिरी द्यावा लागतो, चंदेरी करायचं तर राखाडी, नाहीतर वरची पूड उपाशी दिसते. पूड म्हणजे ती चकाकीची पूड, एवढीशी डबी. आणि ती पाण्यात नाही कालवायची. का? तर पाणी लागलं की साखर रडते. डाग पडतात, ओघळ येतात. ती कालवायची खाण्याच्या स्पिरिटमध्ये, म्हणजे लावलं की क्षणात उडून जातं, आणि मागे नुसतं सोनं राहतं. आणि एक जाड हात मारायचा नाही, तीन पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. मी म्हटलं, अगं, आमच्या रंगाऱ्यानं भिंतीला दोनच दिले!

आणि तेवढ्यात मला काय दिसलं? पेल्यात उभे केलेले ब्रश. बारीक, लांबुडके... नेलपॉलिशचे! नखांवर नक्षी काढायचे तेच! मी साळसूदपणे म्हटलं, "ब्रश छान आहेत गं." तर म्हणते, "हो ना, पार्लरमधलेच आहेत. म्हणजे त्याच जातीचे, कोरे घेतलेत." त्याच जातीचे! माझं डोकं भणभणलं. आणि वर फळीवर बघते तर डब्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीवर चिठ्ठी: 'खाण्याचे'. खालच्या ओळीवर चिठ्ठी: 'बिनविषारी'.

आता मला सांगा! हा काय शब्द आहे? बिनविषारी! मी विचारलं, "म्हणजे हे खाल्लं तरी चालतं ना?" तर ती ब्रश थांबवून म्हणाली, "काकू, तीच तर गंमत आहे. बिनविषारी म्हणजे खाल्लं तर मरणार नाही. खायचं, असं नाही." मी म्हटलं, मग कशाला ठेवलंयस? तर म्हणाली, "शोभेच्या कामाला," आणि तेवढ्यात भट्टीची घंटा वाजली आणि ती गेली आत. झालं! परत अर्धं वाक्य! ह्या बिल्डिंगमध्ये कुणी पूर्ण बोलतं की नाही?

मला राग कुणाचा येतो सांगू? तो शब्द छापणाऱ्याचा! दुधाच्या पिशवीवर कुणी लिहितं का, बिनविषारी? पाण्याच्या बाटलीवर? तुम्ही माझ्याकडे आलात आणि मी चहाचा कप पुढे करून म्हटलं, "घ्या, बिनविषारी आहे," तर तुम्ही प्याल? पळाल! मग सरळ लिहा ना, 'खाऊ नये'. दोन शब्द. एवढुशा डबीवर मावतात की नाही? पण नाही, आपण घोळात घालायचं, आणि लोकांनी एकमेकांना विचारत फिरायचं!

आणि मी विचारलं. हो, विचारलं! कबूल करते. पण सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं. मी कुणालाही काहीही सांगितलं नाही. इस्त्रीवाली आली कपडे घेऊन, तिला मी फक्त विचारलं, "का गं, नेलपॉलिशचा डाग जातो का? आणि कपड्यावरचा जातो तर पोटातला जातो का?" एवढंच. दूधवाल्याला विचारलं, "तुम्ही वरच्या मजल्यावरही दूध देता ना, तिच्या घरात कसला वास येतो हो?" त्यात काय? आणि खालच्या औषधवाल्याला... आता औषधवाला म्हणजे शिकलेला माणूस, त्याला विचारायचं नाही तर कुणाला विचारायचं? मी म्हटलं, "नेलपॉलिश पोटात गेलं तर काय होतं हो?"

तो मान वर न करता गोळ्या मोजत म्हणाला, "कुणाच्या?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही, आपलं विचारते."

"किती गेलंय?"

"गेलं नाही हो! समजा कुणी बिस्किटाला लावलं..."

तेव्हा त्यानं मान वर केली. "बिस्किटाला? कुठल्या बिस्किटाला?"

मी म्हटलं, "सोनेरी." तोंडातून गेलं! बस्स, एक शब्द! आणि वर विचारलं, "बिनविषारी म्हणजे खाल्लं तरी चालतं का?" ह्याला सांगणं म्हणतात? हा प्रश्न आहे, प्रश्न! शेवटी प्रश्नचिन्ह आहे त्याच्या!

पण लोकांना प्रश्नचिन्ह ऐकू येत नाही हो. औषधवाल्याच्या दुकानाला चिकटून कुणाचं दुकान? सराफांचं! बुधवारी मी विचारलं आणि गुरुवारी माझ्याच इस्त्रीवालीनं मला खाली फाटकातच थांबवून सांगितलं, डोळे मोठे करून, "काकू, ऐकलंत का, केकवालीची बिस्किटं खाऊन एक बाई दवाखान्यात, नखं सोनेरी झाली तिची!" नखं सोनेरी! मी म्हटलं, "कोण बाई?" तर म्हणते, "कोणीतरी ह्याच बिल्डिंगमधली, एक हात लांब आहे तिचा."

एक हात लांब!! बघा, म्हणजे शिवणवालीच्या टाचण्यांमधून ही बातमी गेली होती आणि आता मीच तिच्यात दवाखान्यात होते! आता माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू... मी तशीच पाय आपटत जिना चढायला लागले, लिफ्टवर तर माझा विश्वासच उडाला होता. तर दुसऱ्या मजल्यावर मला कोण गाठतं? सराफ! आणि सराफीणबाई! सराफ एकेक पायरी मोजल्यासारखी चढत होते आणि सराफीणबाई नाकाला पदर... रुमाल लावून, जणू बिल्डिंगभर नेलपॉलिशच सांडलंय.

मी म्हटलं, "कुणाकडे?" हे मी प्रत्येकालाच विचारते, सवय आहे.

"तिसऱ्या मजल्यावर. ऑर्डर रद्द करायला."

रद्द! दोनशे सहा अंगठ्या! एकेकीला तीन-तीन हात! त्या पोरीच्या बोटांना आता कुठं नवी कातडी आली होती!

वर गेलो. तिनं दार उघडलं, हाताला पीठ, आणि त्या भुवईला अजून तो वर्खाचा तुकडा तसाच. सराफ म्हणाले, "असं आहे बघा, बाई, आमचे आईवडील ऐंशीच्या घरातले. पाहुण्यांत लहान मुलं. आणि आम्ही जे ऐकतोय ते..." ती म्हणाली, "काय ऐकताय?" सराफीणबाई रुमालातून म्हणाल्या, "नेलपॉलिश." तिला हसूच आलं आधी. तिला वाटलं थट्टा आहे. मग त्यांचा चेहरा बघितला आणि तिचा उतरला. आतून ताटं आणली, वरच्या ओळीतल्या डब्या आणून दाखवल्या, 'हे बघा, खाण्याचे, हे बघा, इथं लिहिलंय', आणि सराफ आपले डोळ्याला भिंग लावून! खरंच! खिशातून भिंग काढलं आणि डबीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. आणि मग ते भिंग दारातूनच फिरत फिरत गेलं आत फळीच्या खालच्या ओळीकडे. "बिनविषारी. म्हणजे काय हो हे?"

ती म्हणाली, "ते शोभेच्या कामाला. ते मी खाण्याला वापरत नाही."

"मग घरात का?" सराफीणबाई म्हणाल्या. "आणि हे नखांचे ब्रश?"

आता त्या पोरीनं हातातली डबी बंद केली. एवढंच म्हणाली, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

आणि सराफ म्हणाले, "तुमच्याच बिल्डिंगमधल्या कुणी काकूंनी औषधवाल्याला सांगितलं."

"सांगितलं नाही हो, विचारलं!"

अहो, गेलं तोंडातून! मी ओरडलेच! सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं, हे माझ्या इतकं डोक्यात बसलं होतं की ते आपोआप बाहेर आलं. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिन्यावर तोवर इस्त्रीवाली आली होती, शिवणवाली आली होती टेप गळ्यात घालून, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. पण मला त्यांचं काही नाही. ती केकवाली बघत होती ना... रागानं बघितलं असतं तर चाललं असतं. ती नुसती म्हणाली, "काकू, तुम्ही?" एवढंच. त्यात प्रश्नचिन्ह होतं की नव्हतं, तेही मला कळलं नाही.

मला असा संताप आला! कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचा! औषधवाल्याचा, लिफ्टचा, त्या भिंगाचा, शिवणवालीच्या टाचण्यांचा आणि हो, थोडा माझासुद्धा, पण त्याला आत्ता वेळ नव्हता. मी म्हटलं, "नेलपॉलिश काय? नेलपॉलिश काय? मी खाते! इथं खाते, तुमच्यासमोर खाते! बघा माझं काय होतं ते!" आणि दाराशी जी उंच काचेची बशी होती, झाकणाची, तिच्यात चार अंगठ्या मांडलेल्या होत्या, त्यांतली सगळ्यात झगझगीत मी उचलली.

केकवाली ओरडली, "काकू, नको!"

मला वाटलं, संकोच करतेय बिचारी. मी म्हटलं, "असू दे गं, एका बिस्किटानं काय होतंय!" आणि घातली तोंडात. अख्खी. खड्यासकट.

कडक होती. हो, जरा कडक होती. मी मनात म्हटलं, चांगली भाजलीय. मध्येच काहीतरी चिवट लागलं, कागदासारखं. म्हटलं, नव्या पद्धतीचं असेल. आणि वास जरा... पण सगळे बघत होते ना! तुमच्याकडे अख्खा जिना बघत असताना तुम्ही थुंकाल? मी चावत राहिले, गिळत राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी हसण्यावर नेलं, आणि शेवटी तोंड उघडून दाखवलं, आ करून, डॉक्टरला दाखवतात तसं. "झालं समाधान?"

सराफ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मी पडते की काय म्हणून असेल. नाही पडले. मग त्यांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "असं आहे बघा, ज्यांनी शंका काढली त्यांनीच खाल्लं, म्हणजे प्रश्नच मिटला." सराफीणबाईंनी नाकावरचा रुमाल काढला. इस्त्रीवालीनं तर टाळी वाजवली. आणि जाता जाता सराफ त्या बशीकडे वळून म्हणाले, "आणि चमक बघितलीत? ही खरी चमक. ताटातल्या जरा फिक्या वाटतात, तांबं जास्त पडल्यासारख्या. काकूंनी खाल्ली ना, अगदी तशी करा. हुबेहूब."

दार लागलं. आणि केकवाली तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. "काकू," म्हणाली, "ती सँपलची होती."

मी म्हटलं, "मग सँपलच खाणार ना मी, ऑर्डरमधली थोडीच खाईन?"

"काकू, सँपल म्हणजे खायची नाही! ती वर्षभर जुनी आहे! गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतात ती. मुंग्या लागू नयेत, चमक जाऊ नये म्हणून तिच्यावर खालच्या ओळीतली पूड मारते मी, आणि वर..."

"आणि वर काय?" मी किंचाळले. ह्यावेळी मी तिला सोडणार नव्हते.

"आणि वर नेलपॉलिशचा हात. बिनरंगाचा. आणि मागे चिठ्ठी लावते, 'खाऊ नये'. प्रत्येकीच्या मागे!"

म्हणजे तो कागद!

आता मी बिस्किटाची पाठ कशाला बघायला जाऊ? माणूस जिन्यावर भेटला तर आपण त्याची पाठ बघतो का? आणि दाराबाहेरून शिवणवाली काय म्हणते, तिथंच उभी होती ती, गेलीच नव्हती, "अहो काकू, मी तेच तर सांगत होते त्या दिवशी माझ्या बहिणीला फोनवर! किती हुशार पोरगी, सँपलं टिकावीत म्हणून ती बिस्किटांना नेलपॉलिश लावते, आणि वर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी पण लावते, कुणी चुकून खाऊ नये म्हणून! कौतुक करत होते मी!" कौतुक! म्हणजे चार दिवस मी ज्याच्यापायी झोपले नाही ते कौतुक होतं! आणि आमचं बोलणं अशा तऱ्हेनं सुरू झालं, तेही माझ्या पोटात नेलपॉलिश असताना!

केकवालीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती खाल्लं, कसली पूड, डबीवर काय लिहिलंय. हिनं वाचून दाखवलं: बिनविषारी. तर म्हणाल्या, "मग घाबरू नका, पाणी प्यायला द्या, पोटात दुखलं तर घेऊन या." बघा! शेवटी तोच शब्द माझ्या कामाला आला. ज्याला चार दिवस शिव्या घातल्या त्याच्याच जोरावर मी तुमच्यासमोर उभी आहे. दुखलं नाही काही. फक्त दोन दिवस ढेकर आला की पार्लरमध्ये बसल्यासारखं वाटायचं.

आणि ती पोरगी माझ्यावर ओरडली हो, पाणी देता देता. मनसोक्त ओरडली. "विचारायचं होतं तर मला विचारायचं ना काकू! मला!" मी ऐकून घेतलं. मग रडली, मग माझ्या तोंडाला लागलेली सोनेरी पूड पुसताना तिला हसू आलं, मग मलाही आलं, आणि मग आम्ही दोघींनी एकदमच त्या बशीकडे बघितलं. कारण सराफ म्हणाले होते ना, हुबेहूब तशी चमक. आणि तशी चमक येते कशानं? न खाण्याच्या गोष्टींनी! खाण्याच्या पुडीनं ती येतच नाही, कितीही हात द्या!

तीन दिवस मी वर होते. गुन्हेगार आहे म्हटल्यावर काम करायला नको? पंखा बंद, खिडकी बंद, मी तोंडाला फडकं बांधून, शिंक आली तर जिन्यात पळायचं असं ठरवून. ती तीनऐवजी चार पातळ हात देत होती, खालचा पिवळा जरा उजळ केला, खाण्याची चकाकी मिळते बाटलीतली, तिचा शेवटचा हात दिला, आणि माझं काम एकच: वाळलेल्या अंगठ्या मोजून ताटात ठेवायच्या, बोट न लावता, काठाला धरून. दोनशे सहाच्या दोनशे पाच निघाल्या तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अगं, नाही खाल्ली! ताटाखाली गेली होती.

छान झालं हो त्यांचं. म्हातारीनं म्हाताऱ्याच्या बोटात बिस्किटाची अंगठी घातली, मोडली, मग दोघांनी खाल्ली. कुणाचं नख सोनेरी झालं नाही. गाळा मिळाला. परवा पाटीही लागली.

आणि परवाच सराफ भेटले मला तिथं, नव्या काचेसमोर. काचेत त्यांचं लक्ष, हात मागे बांधलेले. म्हणाले, "असं आहे बघा काकू, काम उत्तम. आई खूश, वडील खूश. पण एक सांगू? त्या दिवशी तुम्ही खाल्लीत ना, तिची चमक ह्यांना नाही आली. तसली पाहिजे होती. तसली परत होईल का?"

आता काय सांगणार मी त्या माणसाला? म्हटलं, नाही होणार हो. तसली एकच होती, आणि ती मी खाऊन बसले.